पाचव्याच्या आधी सहावं रीळ

आमच्या सासऱ्यांच्या माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. एक मी प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला आणि एकदा तर तेराव्यालासुद्धा सांगितली आहे. दुसरी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण ती तेव्हा तिथेच भाकऱ्या भाजत होती.

पहिली अशी.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. लालबागच्या एका थिएटरात त्यांनी छत्तीस वर्षं सिनेमे दाखवले. म्हणजे वर केबिनमध्ये मशीन चालवायचे. पब्लिक ज्याला ‘ऑपरेटर’ म्हणतं, आणि म्हणताना बहुधा त्याच्या आईचाही उल्लेख करतं, तो माणूस. ते घरी बसल्यानंतर काही वर्षांनी माझ्या मुलीने हट्ट धरला की आजोबांना मल्टिप्लेक्स दाखवायचं. एका बंद गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. तिथल्या खुर्च्या अशा की मागे रेललं की पाय आपोआप वर येतात. मामांचे पाय वर आले तेव्हा ते घाबरून म्हणाले, “दाढी करतात की काय इथे?”

पिक्चर सुरू झाला आणि दोन मिनिटांत मामांची चुळबुळ सुरू झाली.

“फोकस गेलाय.”

मी चष्मा पुसला. मला सगळं छान दिसत होतं.

“डाव्या बाजूला बघा. त्या इन्स्पेक्टरला मिशी आहे की नाही?”

“आहे बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे काय? मिशी बहुतेक नसते, जावईबापू.”

पाच मिनिटं गेली, दहा गेली. हॉल अर्धा भरलेला, पण कुणी हूं नाही की चूं नाही. शेवटी मामा उठले. खुर्ची त्यांचे पाय सोडेना, म्हणून थोडी झटापट झाली. मग उभे राहून त्यांनी कवळी सांभाळत दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या बाईंचे पॉपकॉर्न सांडले. “ए ऑपरेटर! झोपला काय रे? फोकस मार, फोकस!”

“अंकल, प्लीज!” “सिट डाऊन यार!” कुणीतरी मोबाइलचा प्रकाश त्यांच्या तोंडावर मारला. माझी मुलगी खुर्चीत इतकी खाली सरकली की नुसती वेणी दिसत होती. मी काय केलं? मी पडद्याकडे बघत राहिलो, हा म्हातारा कुणाबरोबर आलाय ते मला ठाऊक नसल्यासारखा. एवढ्यात टाय लावलेला एक कर्मचारी बॅटरी घेऊन आला.

“काय प्रॉब्लेम आहे सर?”

“वर जाऊन सांग, फोकस हललाय.”

“वर कुणी नसतं सर.”

“जेवायला गेलाय?”

“नाही सर, नसतंच कुणी. सगळं सर्व्हरवरून चालतं. मी कंप्लेंट टाकतो.”

मामांनी मागे वळून भिंतीतल्या त्या उजळलेल्या काचेकडे बराच वेळ पाहिलं. मग ते बसले. पिक्चर संपेपर्यंत इन्स्पेक्टरला मिशी आली नाही.

ही गोष्ट मी हातवारे करून सांगतो. ‘जेवायला गेलाय?’ या वाक्याला हमखास हशा येतो. शिट्टी आता माझी मला मारता येते. कवळी लागल्यापासून तर जास्तच हुबेहूब.

मामा मुळात विनोदी नव्हते. विनोद करायला समोर माणूस लागतो, आणि त्यांच्यासमोर छत्तीस वर्षं भिंत होती. त्या भिंतीला ट्रान्झिस्टरएवढं भोक, त्यातून दिसणारा पडदा आणि पडद्याच्या खाली हजारभर माणसांची डोकी. माणसांचे चेहरे त्यांनी फार कमी पाहिले. माणूस समोरून पाहिला की ते गोंधळायचे. मी मुलगी बघायला डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत गेलो, तेव्हा ते माझ्यासमोर बसलेच नाहीत. माझ्या मागे, दाराशी उभे राहिले आणि पाऊण तास माझ्या टाळूकडे बघत होते. तेव्हा केस होते, म्हणून निभावलं. शेवटी माझी माहिती लिहिलेला कागद त्यांनी हातात घेतला, पण वाचला नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत त्याची कड धरली आणि वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. “इथे फाटलाय,” म्हणाले. होता फाटलेला, केसाएवढा.

ती त्यांची सवय होती. नवा सिनेमा आला की त्याची सगळी फिल्म ते अशी चिमटीतून जाऊ द्यायचे. मैलभराच्यावर पट्टी, आणि तिची एकेक कड बोटांनी वाचायची. कुठे भोकं फाटलीत, कुठे जोड सुटलाय, ते आधीच शोधून चिकटवायचं, म्हणजे चालू खेळात तुटत नाही. डाव्या अंगठ्यावर त्याने एक पांढरी रेघ पडली होती. मग ती बोटं घरीसुद्धा थांबेनात. साडीचा काठ, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, घडीच्या पोळीची कड. सासूबाई वैतागायच्या. “खावा ती आता! पोळी तुटूची नाय तुमची!”

माझ्याबद्दलचा त्यांचा निकाल बायकोने मला लग्नानंतर सांगितला. “मुलगा जरा आऊट ऑफ फोकस आहे. पण फिरवला तर येईल.” पंचवीस वर्षं झाली. फिरवणं चालू आहे.

वेळ ते रिळांत मोजायचे. त्यांच्या मशीनवर एक रीळ वीसेक मिनिटं चालायचं. “दादरला जाऊन यायला तीन रिळं.” “भात व्हायला एक रीळ.” आमच्या मुलीच्या वेळी हॉस्पिटलबाहेर मी घामाघूम होऊन फेऱ्या घालत होतो, तेव्हा ते बाकावर डोळे मिटून म्हणाले, “अजून इंटरव्हल पण झालेला नाही. बसा.”

केबिनमध्ये मशिनं दोन. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटार चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा हे बंद आणि ते चालू, याला चेंजओव्हर म्हणतात. बसलेल्या माणसाला कळता कामा नये की आपण एका मशीनवरून दुसऱ्यावर गेलो. हिरॉईनने अश्रू एका रिळात काढला, तो दुसऱ्या रिळात गालावरून ओघळला पाहिजे. माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता. शेवटच्या ‘सावधान’ला भटजींनी तो अर्धा क्षण आधी सोडला आणि मी नवरीकडे बघायच्या ऐवजी नाक खाजवताना पकडला गेलो. मामा पाठीमागून मोठ्याने म्हणाले, “उडी मारली!” फोटोत मी अजून नाक खाजवतोय.

आता यातली कडू गोष्ट सांगतो. ज्या कामात उत्तम म्हणजे न दिसणं, त्या कामाची दाद द्यायची कुणी? चेंजओव्हर सुंदर झाला म्हणून कधी कुणी टाळी वाजवलेली नाही. मामांना पब्लिकचा आवाज ऐकू यायचा तो फक्त चुकल्यावर. चित्र हललं, आवाज गेला, फिल्म तुटली की खालून हजार माणसं एका सुरात त्यांची आठवण काढायची. म्हणून असेल, पण त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता, जो मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्याही ऑपरेटरने पाळल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्या खेळात चूक झाली, तो संपला की ते जिना उतरून खाली यायचे आणि बाहेर पडायच्या दाराशी हात मागे बांधून उभे राहायचे. ज्याला शिवी द्यायची असेल त्याने तोंडावर द्यावी.

“ऑपरेटर मीच,” असं सांगायचे. लोक द्यायचे. गिरण्या चालू होत्या तेव्हाचं पब्लिक, पाळी संपवून तडक आलेलं. एकदा ऐन मारामारीत फिल्म जळली. ती कापून, जोडून मामांनी खेळ पुढे चालू केला, पण मधला तुकडा गेला तो गेलाच. दाराशी गिरणीत मागावर काम करणाऱ्या एका साचेवाल्याने त्यांच्या कानाखाली वाजवली. “तीन ठोसे खाल्लेस तू आमचे! मी सोमवारी मोजले होते!”

ही हकिकत मामा इतक्या अभिमानाने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यांना कसलं पदक मिळालं होतं. “तीन ठोसे! बरोबर तीनच गेले होते, जावईबापू. मी कापलेला तुकडा नंतर उजेडात धरून बघितला. असलं पब्लिक होतं.” मग ते गालावर हात फिरवायचे. आपल्याला ओळखणारा एकच माणूस आयुष्यात भेटला, अशा चेहऱ्याने.

मग गिरण्या गेल्या. साचेवाले कुणी गावी गेले, कुणी वॉचमन झाले. थिएटर राहिलं, पण खेळाला साठ-सत्तर डोकी. केबिनमधला जोडीदार रिटायर झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. दोन मशिनं आणि मामा एकटे. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. तो त्यांनी घरात कुणाला कळू दिला नाही. डबे नेहमीच्या जागी, मशीन पाठ, ठिपका कधी येणार ते आवाजावरून ठाऊक. त्यांचं निभत होतं.

एके दिवशी थिएटरचे धाकटे शेठ केबिनमध्ये आले आणि म्हणाले, नवीन मशीन येतंय. फ्रिजएवढं. फिल्म नाही, रीळ नाही, पिक्चर वरून सॅटेलाइटने येणार. “काका, तुम्ही आहातच. दोन दिवस ट्रेनिंग घ्या. पगार तोच. खुर्चीत बसून एक बटण दाबायचं.”

शेठ माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या थिएटरांतल्या ऑपरेटरांना सरळ घरी पाठवलं होतं. कोणी रिक्षा काढली, कोणी सोसायटीच्या गेटवर बसला. इथे खुर्ची मिळत होती. घरात सगळे खूष. मी तर पेढे घेऊन गेलो. मामा मात्र पेढ्याची कड तपासत म्हणाले, “मी त्यांना म्हटलं, पब्लिकला कळेल. पडद्यामागे माणूस नसला तर पब्लिकला कळतं.”

“मग ते काय म्हणाले?”

“हसले. म्हणाले, काका, कुणाला काय कळतंय?” पेढा त्यांनी तसाच ठेवला. “ट्रेनिंगला जायचं की नाही, बघतो.”

हे बघणं पंधरा दिवस चाललं. दुसरी गोष्ट त्या पंधरवड्यातली.

माझं ऑफिस परळला. एके दिवशी अर्धी रजा टाकून मी मामांच्या पासावर बारा-ते-तीनच्या खेळाला जाऊन बसलो. पिक्चर आई-मुलाचा होता. इंटरव्हलला समोसा खाल्ला आणि वेळेवर जागेवर येऊन बसलो. मला झोप लागली नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या घरी ही एकच सबब कुणी ऐकून घेतली असती. मी पूर्ण जागा होतो. शेवटी तर मला रडू आलं.

खेळ सुटला. बाहेर टळटळीत ऊन. दाराशी मामा उभे, हात मागे बांधून. वास्तविक तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. त्यांचा नियम मला पाठ होता. पण मला वाटलं, सासरा जावयाला भेटायला खाली आला. माणसाला स्वतःबद्दल असले गोड गैरसमज असतात. लोक त्यांच्या बाजूने जात होते. एकाने विचारलं, “मुतारी किधर है?” एकाने समोशाचा चुरगळलेला कागद त्यांच्या हातात दिला. झाडूवाला समजून दिला असेल. मामांनी तो घेतला.

“कसा वाटला?” त्यांनी मला विचारलं.

“छान! डोळ्यांत पाणी आलं, मामा.”

त्यांनी मान हलवली. “संध्याकाळी घरी या. जेवायलाच या.”

संध्याकाळी गेलो. बायको दुपारपासून माहेरीच होती, ती भाकऱ्या करत होती. सासूबाईंनी बांगडे तळले होते. आम्ही दोघं पाटावर बसलो आणि मामा म्हणाले, “जावईबापू, इंटरव्हलनंतरची गोष्ट सांगा. मला वरून नीट ऐकू येत नाही.”

गोष्ट सांगायला सांगितली की मी फुलतो. “इंटरव्हल संपतो तर एकदम स्मशान. आई गेलेली. मुलगा अग्नी देतो. मग तो गुंडांच्या मागे लागतो, पण त्याला आईची सारखी आठवण येते. ती त्याला वरणभात भरवायची, गुंडांच्या नादी लागू नको म्हणून समजवायची. मग ती आजारी पडते, हॉस्पिटल वगैरे. हे सगळं त्याला आठवतं, आणि मग शेवटची मारामारी.”

“आठवतं?”

“हो ना. फार छान दाखवलंय.”

मामांनी बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला.

“ते त्याला आठवत नाही. ते पाचवं रीळ होतं. मी सहावं आधी लावलं.”

मी घास तोंडाशी धरून बसलो. आत बायको फिसकन हसली. “म्हणजे मेलेल्या बाईने वरणभात वाढला?”

“अरे देवा,” सासूबाई म्हणाल्या, “आनि तुमका कळूक नाय?”

“मला वाटलं फ्लॅशबॅक,” मी म्हणालो.

“डब्यावरचा आकडा नीट दिसला नाही,” मामा सांगू लागले. आवाज अगदी साधा. “चितेची लाकडं वाजायला लागली तेव्हा कळलं. लगेच बंद करता आलं असतं. पडद्यावर स्लाइड टाकायची, रीळ बदलायचं, दोन मिनिटांचं काम. हात बटणावरच होता. पण म्हटलं, ओरडू देत. पहिली शिट्टी आली की बंद करतो.” त्यांनी भात कालवला. “आख्खं रीळ गेलं. मग म्हटलं, आता पाचवं लावतो. मेलेली बाई उठून बसेल, तेव्हा तर खुर्च्या तोडतील. लावलं.”

“मग?”

“मग काय? तुम्ही होतात की तिथे.”

खेळ सुटल्यावर ते मॅनेजरकडे गेले होते. चूक झाली, मला मेमो द्या, म्हणून. मॅनेजरने विचारलं, कुणाची तक्रार आली का? नाही. मग मेमो कसला देऊ, आणि शेठना काय कारण दाखवू? असं म्हणून त्याने त्यांना चहा पाजला.

“सत्तर माणसं होती,” मामा म्हणाले. “एकोणसत्तर सोडून द्या. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. तुम्हाला मी पंधरा वर्षं पास देतोय.”

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. ‘चुकलंच, मामा’ एवढं म्हणता आलं असतं. ते माझ्याकडे, समोरून, चेहऱ्याकडे बघत होते. असं त्यांना फार क्वचित जमायचं. पण मला वाटलं, म्हातारा चूक झाली म्हणून खचलाय, त्याला धीर द्यावा. समजूत घालण्यात माझा हातखंडा आहे. ऑफिसात कुणी गेलं की सांत्वनाचं पत्र मीच लिहितो.

“अहो मामा, एवढं काय मनाला लावून घेताय? आजकालचे पिक्चर असेच असतात. मागचं पुढे, पुढचं मागे. कसंही लावलं तरी चालून जातं.”

राहिलेला भात मामांनी सगळा संपवला, पानात शीत ठेवलं नाही. उठले, मोरीत हात धुतले, पंच्याला पुसले, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून सासूबाईंना म्हणाले, “उद्यापासून डबा करू नको.”

सासूबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. बायको भाकरी थापायची थांबली. दोघींना एका क्षणात कळलं होतं.

मी बांगड्याचा दुसरा तुकडा घेत विचारलं, “का मामा? ट्रेनिंगला जेवण देणार वाटतं?”